उक्तं काम, कच्चं ड्रॉइंग: वेस्टिंगहाउसचं प्रकरण

गेल्या पावसाळ्यात आमच्या कुपवाडच्या फौंड्रीत एक एन्क्वायरी आली. अणुवीज केंद्रातल्या कूलिंग वॉटर पंपांची केसिंग्ज ओतायची आणि मशिनिंग करून द्यायची. पुरवठा चार वर्षं, चारही वर्षं दर एकच, भाववाढ मिळणार नाही. विचारणारी पंप कंपनी मोठी, नाव इथं नको. ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात बारीक शिक्का होता: 'फक्त कोटेशनसाठी'. खाली रिव्हिजन बी, म्हणजे ड्रॉइंगची आवृत्ती.

पुतण्या खुशीत होता. "काका, न्यूक्लिअरच्या यादीत एकदा नाव लागलं की बाकीची गिऱ्हाइकं आपसूक येतात." त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. आमच्या पट्ट्याला हे काम अगदीच परकं नाही. आपल्या अणुभट्ट्यांची कॅलँड्रिया, म्हणजे मुख्य पात्रं, बनवणाऱ्या वालचंदनगर इंडस्ट्रीजची फौंड्री सातारा रोडला आहे. शिरवळजवळ केएसबीच्या कारखान्यात अणुवीज केंद्रांचे पंप बनतात. आणि किर्लोस्करवाडी १९१० पासून आहेच. आमच्याकडं पंप म्हटलं की ताकारी-म्हैसाळच्या उपसा योजनांपर्यंतच्या गप्पा शेंबडं पोरही मारतं.

ड्रॉइंग बघायला पॅटर्नवाल्या, म्हणजे ओतकामाचा लाकडी नमुना करणाऱ्या मेस्त्रींना बोलावलं. वय सत्तरीकडं झुकलेलं, दादानं फौंड्री काढली तेव्हापासून आमच्याकडं आहेत. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद डोळ्यांपाशी नेला आणि शिक्का वाचून परत ठेवला. "मालक, ड्रॉइंग पक्कं झाल्याबिगर मी लाकडाला करवत लावत न्हाई. तुमी रेट कसा काय लावताय?"

मी या फौंड्रीचा हिशेबनीस. दादा भट्टी बघायचा, मी कागद बघायचो. आमचे आठ-दहा फौंड्रीवाले महिन्यातल्या एका रविवारी जमतात आणि कुणीतरी कुठल्यातरी कंपनीचं प्रकरण मांडतं. त्या महिन्याची पाळी माझी होती. मेस्त्रींचं वाक्य ऐकलं आणि विषय ठरला: वेस्टिंगहाउस. जगातली सगळ्यात नावाजलेली अणुभट्टी बनवणारी कंपनी, जिनं दर पक्का करून काम तीनदा अंगावर घेतलं आणि तिन्ही वेळा ते अंगावर आलं. त्या रविवारी जे बोललो ते इथं जरा नीट मांडतोय.

ब्रेकपासून पाणबुडीपर्यंत

सुरुवात भरभर सांगतो. जॉर्ज वेस्टिंगहाउसनं १८६९ मध्ये रेल्वेचा हवेवर चालणारा ब्रेक काढला. मिरज जंक्शनवर गाडी थांबताना जो फुस्स आवाज येतो, त्याचं मूळ तिथं. १८८६ मध्ये पिट्सबर्गला त्यानं विजेची कंपनी काढली, टेस्लाची पेटंटं घेतली आणि एडिसनच्या डीसीविरुद्ध एसी वीज जिंकून दाखवली. १९०७ च्या मंदीत कंपनी देणेकऱ्यांच्या हाती गेली आणि मालकाच्या हातून सुटली. म्हणजे संस्थापकापासूनच ही कंपनी गणितात कच्ची आणि यंत्रात पक्की.

अणुऊर्जेत ती आली अमेरिकन नौदलामुळं. अॅडमिरल रिकोव्हरच्या देखरेखीखाली 'नॉटिलस' पाणबुडीची अणुभट्टी वेस्टिंगहाउसनं उभी केली. जानेवारी १९५५ मध्ये पाणबुडी अणुशक्तीवर निघाली. तीच दाबाखालच्या पाण्याची पद्धत जमिनीवर आणून १९५७ च्या डिसेंबरात पेन्सिल्व्हेनियातल्या शिपिंगपोर्टला ६० मेगावॅटचं केंद्र सुरू झालं. पुढं फ्रान्सच्या फ्रामाटोमनं १९५८ मध्ये याच तंत्राच्या परवान्यावर जन्म घेतला, जपानची मित्सुबिशीही परवानाधारक झाली. आज जगातल्या चालू अणुभट्ट्यांपैकी निम्म्याच्या आसपास आपल्या तंत्राच्या वंशातल्या आहेत, असं कंपनी सांगते. यंत्र चांगलं होतं यात वाद नाही. म्हणूनच हे प्रकरण वाचण्यासारखं आहे. भंगार माल विकणारा बुडाला तर त्यात शिकायचं काय?

पहिल्यांदा: चावी हातात देऊ

१९६३ मध्ये स्पर्धक जीईनं, म्हणजे जनरल इलेक्ट्रिकनं, न्यू जर्सीतल्या ऑयस्टर क्रीक केंद्राचं काम उक्तं घेतलं. किंमत ठरलेली, केंद्र पूर्ण बांधून चावी वीज कंपनीच्या हातात द्यायची. वेस्टिंगहाउस मागं कशी राहणार? पुढच्या तीन वर्षांत दोघींनी मिळून अशी डझनभर कामं अंगावर घेतली. आपलं तारापूरही त्याच हंगामातलं. जीईनं ते टर्नकी पद्धतीनं बांधलं आणि १९६९ मध्ये तिथून वीज आली.

तोपर्यंत इतकी मोठी केंद्रं कुणी बांधलीच नव्हती. छोट्या केंद्राच्या अनुभवावर मोठ्याचा दर काढला होता, आणि फौंड्रीत बसणाऱ्या कुणालाही सांगता येईल की पन्नास किलोच्या कास्टिंगचा दर गुणून पाच टनांच्या कास्टिंगचा दर निघत नाही. रायझर बदलतो, कोअर बदलतो, रिजेक्शन बदलतं. दोन्ही कंपन्यांच्या नुकसानीचे अंदाज मिळून शंभर कोटी डॉलरच्या घरात जातात. १९६६ नंतर त्यांनी हा प्रकार बंद केला.

मात्र एक गोष्ट कबूल करायला हवी. या तोट्यानं बाजार विकत घेतला. 'अणुवीज स्वस्त पडते' हे वीज कंपन्यांना पटलं आणि पुढं ऑर्डरींची रांग लागली. माहीत असून सोसलेला तोटा आणि नकळत झालेला तोटा यांत फरक असतो. हा पहिला तोटा निदान अर्धा माहीत असलेला होता, असं माझं मत.

दुसऱ्यांदा: युरेनियम

आता मला सगळ्यात जवळचा वाटणारा भाग, कारण यात कॉस्टिंग करणाऱ्याची चूक आहे.

अणुभट्टी विकताना गिऱ्हाइकाला ओढण्यासाठी वेस्टिंगहाउसनं इंधनाचीही हमी दिली. वर्षानुवर्षं युरेनियम देऊ, साधारण साडेनऊ डॉलर पौंडाच्या आसपास, महागाईपुरती किरकोळ वाढ. स्वतःची खाण नाही, गोदामात माल थोडा. विकलेल्या मालापैकी साडेसहा कोटी पौंडांच्या आसपास माल तिच्याकडं नव्हताच. शेअरबाजारात याला शॉर्ट म्हणतात. सांगलीच्या हळद बाजारात याला काय म्हणतात ते लिहिण्यासारखं नाही.

१९७३ च्या सुमाराला पौंडाला सहा-सात डॉलर भाव असताना हे शहाणपणाचं वाटत होतं. मग तेलाचं संकट आलं. अमेरिकी सरकारचे इंधन समृद्ध करण्याचे नियम बदलले. शिवाय कॅनडा, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका इथल्या उत्पादकांनी आपसात संगनमत करून भाव चढवले. भाव चाळीस डॉलरकडं गेला. सप्टेंबर १९७५ मध्ये वेस्टिंगहाउसनं सत्तावीस वीज कंपन्यांना कळवलं की माल देणं आता 'व्यावसायिकदृष्ट्या अशक्य' झालं आहे, करार पाळता येणार नाही. गिऱ्हाइकं कोर्टात गेली. कंपनी उलट खाणवाल्यांवर धावली. त्या संगनमताचे कागद १९७६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मेरी कॅथलीन खाण कंपनीतून फुटून बाहेर आले, म्हणजे कट होता हे खरंच निघालं. तरी व्हर्जिनियाच्या रिचमंड इथल्या न्यायाधीशांनी १९७८ मध्ये कंपनीची सबब मान्य केली नाही. भाव चढला हे कारण चालत नाही. भाव चढेल याचीच जोखीम तू पैसे घेऊन विकली होतीस. शेवटी एकेका गिऱ्हाइकाशी तडजोडी झाल्या आणि त्या भरपाईत कंपनी वर्षानुवर्षं पिळून निघाली.

हे मी रविवारी सांगत होतो तेव्हा माझा स्वतःचा २०२१ डोळ्यांपुढं होता. त्या वर्षी आम्ही एका गिऱ्हाइकाला सहा महिन्यांचा पक्का दर दिला आणि दुसऱ्याच महिन्यापासून पिग आयर्न आणि स्क्रॅप चढायला लागलं. मी फोन केला. समोरच्या खरेदी अधिकाऱ्यानं गोड आवाजात पीओमधली, म्हणजे खरेदी ऑर्डरमधली, ओळ वाचून दाखवली. ओळ माझ्याच कोटेशनमधून उचललेली होती. त्याचं काहीच चुकलं नव्हतं, त्याचाच मला जास्त राग आला. सहा महिने दर शनिवारी ट्रक भरताना वजनकाट्यावरचा आकडा बघायचो आणि मनात किलोमागं तोटा गुणायचो. दादा म्हणायचा, "तू काट्याजवळ उभा राहू नकोस, ट्रक लवकर भरत नाही."

मालक बदलले, आठवण गेली

१९७९ च्या थ्री माइल आयलंड अपघातातली अणुभट्टी दुसऱ्या कंपनीची होती, पण अमेरिकेतल्या नव्या ऑर्डरी त्याच्या आसपास सगळ्यांच्याच आटल्या. पुढची तीस वर्षं तिथं नव्या अणुवीज केंद्राचं बांधकाम जवळजवळ कुणी हाती घेतलंच नाही. वेस्टिंगहाउस इंधन आणि दुरुस्तीवर जगली.

वरच्या मजल्यावर मात्र वेगळीच नाटकं चालली होती. कंपनीच्या कर्ज देणाऱ्या शाखेनं जमिनी-इमारतींच्या धंद्यात हात भाजून घेतले. १९९५ मध्ये कंपनीनं सीबीएस ही टीव्ही कंपनी ५४० कोटी डॉलरला घेतली आणि १९९७ मध्ये स्वतःचं नावच सीबीएस करून टाकलं. मग कारखाने विकायला काढले. टर्बाइन आणि जनरेटरचा धंदा सीमेन्सकडं गेला. अणुभट्टीचा धंदा १९९९ मध्ये ब्रिटिश सरकारच्या बीएनएफएल या अणुइंधन कंपनीकडं गेला, सव्वाशे कोटी डॉलरच्या आत. पुढल्याच वर्षी बीएनएफएलनं एबीबीचा अणुधंदा ४८.५ कोटी डॉलरला घेऊन त्यात मिसळला. २००२ मध्ये अणुभट्टीचे मुख्य पंप बनवणारा विभागही कर्टिस-राइटला विकून टाकला. ज्या पंपात कंपनीचा जीव, तो आता बाहेरून घ्यायचा.

२००६ मध्ये बीएनएफएलनं वेस्टिंगहाउस विकायला काढली तेव्हा जुनी परवानाधारक मित्सुबिशी घेईल असं सगळ्यांना वाटत होतं. पण घेतली तोशिबानं, जी तोवर जीईच्या पद्धतीच्या अणुभट्ट्या बनवत आली होती. किंमत ५४० कोटी डॉलर. टीव्ही कंपनीला दिलेला आणि अणुभट्टीच्या कंपनीला मिळालेला आकडा योगायोगानं एकच.

मालक बदलण्याच्या या फेऱ्यात एक गोष्ट हरवली. १९६६ चा आणि १९७५ चा फटका ज्यांनी खाल्ला, ती माणसं २००८ मध्ये टेबलाशी नव्हती. आमच्या फौंड्रीत निदान मेस्त्री आहेत.

तिसऱ्यांदा: एपी१०००

नव्या अणुभट्टीचं नाव एपी१०००. कल्पना सुरेख होती. वीज गेली तरी पंपाविना, गुरुत्वाकर्षणानं आणि नैसर्गिक अभिसरणानं अणुभट्टी थंड राहील. त्यामुळं पंप ३५ टक्के कमी, सुरक्षेसाठी लागणारे व्हॉल्व्ह निम्मे, तसली पाइपिंग ८० टक्के कमी, असा हिशेब कंपनी मांडायची. बांधकामही नव्या तऱ्हेचं. मोठमोठे भाग कारखान्यात वेल्ड करून आणायचे आणि साइटवर क्रेननं ठेवायचे.

२००७ मध्ये चीननं चार अणुभट्ट्या मागवल्या. २००८ मध्ये अमेरिकेत दोन कंत्राटं झाली: जॉर्जियातलं व्होग्टल आणि साउथ कॅरोलायनातलं व्ही. सी. समर, प्रत्येकी दोन अणुभट्ट्या. बांधकामाची भागीदार शॉ ही कंपनी.

डिझाइन मात्र अजून हलत होतं. अमेरिकी नियामकानं सुधारित डिझाइन मंजूर केलं डिसेंबर २०११ मध्ये, म्हणजे कंत्राटावर सह्या झाल्यानंतर तीन वर्षांनी. बांधकामाचा परवाना २०१२ मध्ये मिळाला. त्याच वर्षी व्होग्टलच्या पायातल्या सळया मंजूर नकाशाप्रमाणं नसल्याचं निघालं आणि काम महिनोन्महिने अडलं. लुईझियानातल्या लेक चार्ल्सच्या कारखान्यातून यायचे ते भाग उशिरा आले, वेल्डिंगचे आणि कागदपत्रांचे दोष घेऊन आले. तीस वर्षं हे काम बंद होतं. अणुदर्जाच्या कामाचे वेल्डर, इन्स्पेक्टर, कागद सांभाळणारे कारकून रोपवाटिकेतून उपटून आणता येत नाहीत. तिकडं चीनसाठीच्या मुख्य पंपांच्या चाचणीत इम्पेलरमध्ये दोष निघाला आणि तिथलंही वेळापत्रक लांबलं.

या पंपाबद्दल एक वाक्य जास्त लिहितो, आमचा धंदाच तो. त्याला शाफ्ट सील, म्हणजे फिरत्या दांड्याभोवतीची पाणी अडवणारी जोडणी, नाही. मोटर आणि पंप एकाच बंद डब्यात, मोटरचा फिरता भागही अणुभट्टीच्या पाण्यातच. आयुष्यभर उघडायचा नाही अशी अपेक्षा. आमच्याकडं ग्लँडमधून, म्हणजे त्याच जोडणीतून, टिपकणाऱ्या पाण्यावर पंपाची तब्येत ओळखणारे ऑपरेटर आहेत, त्यांना हा पंप दाखवायला आवडलं असतं.

समर केंद्राच्या मालकांनी बेक्टेल कंपनीला तपासणीला बोलावलं. तिचा २०१६ चा अहवाल त्यांनी दाबून ठेवला, पुढच्या वर्षी तो राज्यपालांनी उघड केला. त्यातलं मुख्य दुखणं मेस्त्रींना न वाचताच कळलं असतं. डिझाइन अपुरं, बदल सतत, आणि काही वेळा आलेलं ड्रॉइंग साइटवर बांधताच येत नाही.

शून्य डॉलरची खरेदी

प्रकरणाची गाठ २०१५ च्या शेवटच्या तिमाहीत आहे. खर्च वाढला, वीज कंपन्या, वेस्टिंगहाउस आणि सीबीअँडआय (शॉ कंपनी जिनं विकत घेतली ती) एकमेकांवर दावे ठोकून बसल्या. वेस्टिंगहाउसनं काढलेला तोडगा असा: सीबीअँडआयची बांधकाम शाखा, स्टोन अँड वेबस्टर, आपणच घ्यायची. त्या क्षणी द्यायची किंमत शून्य डॉलर, पुढं टप्प्यावर थोडे पैसे. बदल्यात मागची सगळी भांडणं मिटली. सीबीअँडआयवर जुन्या चुकांसाठी दावा लावायचा नाही हेही लिहून दिलं. आणि समरच्या मालकांना दिला एक पर्याय: ठराविक रकमेत उरलेलं काम आम्ही पूर्ण करून देतो. त्यांनी तो २०१६ मध्ये उचलला. का उचलणार नाहीत?

वेस्टिंगहाउस तोवर यंत्र विकणारी होती, एका सहीनं ती पायाखोदाईपासूनच्या कामाची कंत्राटदार झाली. भागीदार गेला, त्याची देणी आली. उरलेल्या कामाचा अंदाज नंतर करू म्हटलं. नंतर केला तेव्हा मजूर-तास आणि खर्च ठरलेल्या रकमेच्या कितीतरी पुढं निघाले. मग कंपनी सीबीअँडआयकडून दोनशे कोटी डॉलरहून जास्त परत मागायला कोर्टात गेली, तर जून २०१७ मध्ये डेलावेअरच्या सर्वोच्च न्यायालयानं स्वतःच लिहून दिलेली ओळ तिला वाचून दाखवली. मला पीओवाला तो गोड आवाज आठवला.

ही सही करायच्या वेळी मालक तोशिबाची काय अवस्था होती तेही बघायला हवं. २०१५ च्या जुलैतच तिच्या हिशेबांत अनेक वर्षं नफा फुगवल्याचं उघड होऊन अध्यक्ष पायउतार झाले होते. अशा घरात 'तोटा आत्ता दाखवायला नको' ही घाई असणारच. भांडण आज मिटतंय, तोटा पुढच्या वर्षी. शून्य डॉलर स्वस्त वाटले त्याचं कारण मला यात दिसतं.

जामीन

१४ फेब्रुवारी २०१७ ला तोशिबानं अमेरिकेतल्या अणुधंद्यापोटी ७१,२५० कोटी येनचा फटका जाहीर केला. २९ मार्चला वेस्टिंगहाउसनं दिवाळखोरीचं संरक्षण मागितलं. पण कंपनी दिवाळखोर झाली म्हणून तोशिबा सुटली नाही, कारण तिनं दोन्ही कंत्राटांना हमी दिली होती. आमच्या सांगली जिल्ह्यात जामीन हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. पतसंस्थेच्या फॉर्मवर मेव्हण्यासाठी केलेली सही दहा वर्षांनी नोटीस होऊन येते, हे घरोघरी माहीत आहे. तोशिबाला व्होग्टलपोटी ३६८ कोटी आणि समरपोटी सुमारे २१७ कोटी डॉलर मोजावे लागले. त्यासाठी आणि ताळेबंद सावरण्यासाठी तिनं घरातलं सोनं, म्हणजे मेमरी चिपचा धंदा, दोन लाख कोटी येनला विकला. डिसेंबर २०२३ मध्ये तोशिबा टोकियोच्या शेअरबाजारातूनच बाहेर पडली.

समरचं काम ३१ जुलै २०१७ ला बंद झालं. सुमारे ९०० कोटी डॉलर जिरले होते, पाच हजारांहून जास्त कामगार एका दिवसात घरी गेले, आणि वीज ग्राहक कधीच न आलेल्या विजेपोटी बिलातून पैसे भरत राहिले. तिथल्या वीज कंपनीचा प्रमुख लोकांना खोटं सांगितल्याबद्दल दोन वर्षं तुरुंगात गेला. व्होग्टल मात्र वीज कंपनीनं बेक्टेलला घेऊन पुरं केलं. नव्या दोनपैकी पहिली अणुभट्टी जुलै २०२३ मध्ये, दुसरी एप्रिल २०२४ मध्ये. १,४०० कोटी डॉलरचा अंदाज ३,००० कोटींच्या पुढं गेला. दोन्ही आता वीज देतात. चीनमधल्या चारही २०१८-१९ पासून चालू आहेत.

म्हणजे यंत्र चाललं. कागद चालला नाही.

उरलं काय

दिवाळखोरीतून वेस्टिंगहाउस कॅनडाच्या ब्रुकफील्डनं ऑगस्ट २०१८ मध्ये ४६० कोटी डॉलरला घेतली. बांधकामाची देणी दिवाळखोरीत मागं राहिली, ब्रुकफील्डला मिळाला जुन्या अणुभट्ट्यांना इंधन, सुटे भाग आणि दुरुस्ती देण्याचा धंदा. दर दीड-दोन वर्षांनी इंधन बदलायला गिऱ्हाईक येणारच. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रुकफील्डच्याच दुसऱ्या शाखेनं आणि युरेनियम काढणाऱ्या कॅमेकोनं ती ७९० कोटींना घेतली. १९७५ मध्ये खाण नसताना युरेनियम विकणाऱ्या कंपनीत आता ४९ टक्के हिस्सा खाणवाल्याचा आहे. हे वाचून आमच्या रविवारच्या मंडळींत पहिल्यांदा सगळे हसले.

आंध्रातल्या कोव्वाडात सहा एपी१००० उभ्या करायची बोलणी कित्येक वर्षं चालू आहेत. तिथं दर कोण पक्का करतो आणि कुठल्या ड्रॉइंगवर, याकडं माझं लक्ष असेल.

रविवारचा वाद

पलूसच्या एका फौंड्रीवाल्यानं मला अडवलं. "मग अण्णा, उक्तं घ्यायचंच नाही का कुणी? रोजंदारीवर अणुभट्टी कोण बांधून घेईल?"

त्याचा मुद्दा बरोबर होता आणि माझ्याकडं त्याच्या बाजूचंच उदाहरण होतं. डिसेंबर २००९ मध्ये कोरियन कंपन्यांनी अमिरातीतल्या बराकाच्या चार अणुभट्ट्या सुमारे २,००० कोटी डॉलरला घेतल्या. उशीर त्यांनाही झाला, पहिली २०२१ मध्ये सुरू झाली आणि चौथी २०२४ मध्ये, पण चारही उभ्या राहिल्या आणि कोरियन कंपन्या बुडाल्या नाहीत. फरक असा की त्या मंडळींचं घरचं बांधकाम कधी थांबलंच नव्हतं, तीच टोळी एका साइटवरून दुसरीकडं जात होती, आणि तसलीच अणुभट्टी घरी आधीच उभी राहत होती. त्या अणुभट्टीचं मूळ तंत्र एबीबीकडून वेस्टिंगहाउसकडं आलेल्या घराण्यातलं, म्हणून हक्कावरून दोघांत अनेक वर्षं खटके उडाले. ते २०२५ च्या जानेवारीत मिटले.

माझं मत मी तिथं मांडलं ते असं की दर पक्का करणं हा दोष नाही. ऊस तोडायचा असो की घराचा गिलावा, आपण उक्तं देतो-घेतो, कारण काम डोळ्यांपुढं असतं. वेस्टिंगहाउसनं तिन्ही वेळा न बघितलेल्या कामाचा दर लावला: कधीही न बांधलेलं केंद्र, गोदामात नसलेलं युरेनियम, पुरं न झालेलं ड्रॉइंग. आणि तिसऱ्या वेळी तर दुसऱ्यानं अर्धवट टाकलेलं काम न मोजता उचललं. दुसऱ्याच्या फौंड्रीत अर्धं फेटलिंग (घासून साफ करणं) झालेलं कास्टिंग आपण कधी किलोच्या दरानं घेतो का? आत ब्लोहोल, म्हणजे हवेची पोकळी, आहे का ते तोडल्यावरच कळतं.

पलूसवाल्याला हे पुरेसं वाटलं नाही. त्याच्या मते खरा गुन्हेगार तोशिबा, वेस्टिंगहाउसला मालक चांगला मिळाला असता तर ती तगली असती. यावर चहा दोनदा झाला आणि वाद तसाच राहिला.

पुतण्या दिवसभर काही बोलला नव्हता. रात्री त्यानं कोटेशन लिहून माझ्याकडं पाठवलं. दर होता, पण पिग आयर्न आणि स्क्रॅपच्या भावाशी दर तिमाहीला बांधलेला. रेडिओग्राफीचा खर्च वेगळा काढलेला. पॅटर्नचे पैसे आगाऊ मागितलेले. आणि चौथी ओळ: 'वरील दर रिव्हिजन बी या ड्रॉइंगपुरताच लागू राहील.' मी एक स्वल्पविराम सोडून काही बदललं नाही.

पाच आठवडे उत्तर आलं नाही. मग एका मंगळवारी मेल आला. दर जास्त असल्याची तक्रार, पुनर्विचाराची विनंती, आणि सोबत नवं ड्रॉइंग. फ्लँजची जाडी वाढलेली, उचलायचे दोन कान नवे, तपासणीचा दर्जा एक पायरी वर. रिव्हिजन सी.

पुतण्यानं प्रिंट काढून मेस्त्रींपुढं ठेवली. त्यांनी चष्मा कपाळावर नेला, कागद डोळ्यांपाशी धरला, थेट उजवा कोपरा बघितला. शिक्का तोच होता. त्यांनी कागदाची घडी घातली आणि हातातली करवत परत खिळ्याला अडकवली.